कुठंतरी पाणी मुरतंय

अप्पांनी छत्रीवर भार दिला. टोक सर्रकन ब्लॉकच्या भोकात गेलं, छत्री कलली आणि तिच्याबरोबर अप्पाही कलले. मी धरायला पुढं झाले, तोवर ते सरळ झाले होते.

"हे नको," ते म्हणाले.

इम्तियाज गवंड्यानं माझ्याकडं बघितलं. हा जाळीचा ब्लॉक त्यानं मुद्दाम गडहिंग्लजहून आणला होता.

"अप्पा, ही भोकं पाण्यासाठीच असत्यात," तो म्हणाला. "यात माती भरायची, हरळी लावायची. पडंल तेवढं पाणी जागच्या जागी खाली."

"पाणी जाईल रे. माणसानं चालायचं कसं?"

"चप्पल घालून," मी म्हणाले.

अप्पांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी लहान आहे आणि मोठ्यांच्या बोलण्यात मध्येच तोंड घातलंय. मग छत्री काखेत मारून ते आत गेले.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा कोल्हापुरात एका शाळेच्या ऑफिसात होते आणि मे महिन्यात रजा काढून आजऱ्याला आले होते, ती फक्त अंगणासाठी. आईला जाऊन काही वर्षं झाली होती. अप्पा एकटेच राहायचे. जनावरांच्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाले तरी गावात त्यांना अजून डॉक्टरच म्हणत. कुणाची म्हैस अडली की मोटरसायकलवर बसून निघायचे.

अंगणाचा घोळ माझ्या भावानं, उमेशनं, करून ठेवला होता. तो पुण्याला असतो. आदल्या वर्षी सुट्टीत येऊन त्यानं घरापुढचं सगळं अंगण गेटपासून सोप्यापर्यंत काँक्रीट करून टाकलं. दिसायला छान झालं होतं. पण आजऱ्याचा पाऊस एकदा लागला की उघडायचं नाव घेत नाही. वरच्या रस्त्याचं पाणी त्या गुळगुळीत काँक्रीटवरून थेट सोप्यात यायला लागलं. अप्पा पोती लावून दार अडवायचे. शिवाय परसातल्या आडाचं पाणी उन्हाळ्यात कधी नव्हे ते तळाला गेलं. शेवटी त्यांनी ब्रेकर लावून सगळं फोडून काढलं. आता पुढं नुसती लाल माती होती आणि पावसाच्या आत तिथं पाणी मुरेल असं काहीतरी घालायचं होतं.

हे काही अवघड काम नव्हतं. अप्पांनी ते अवघड करून ठेवलं होतं.

आधी ते म्हणाले, खडी टाकू. इम्तियाजनं खडीचा एक ढीग आणून पसरला. अप्पा त्यावरून एकदा गेले, एकदा आले आणि म्हणाले, ही सरकते, नको. मग जांभा दगड घालायचं ठरलं. जांभा पाणी पितो, आमच्याकडं मिळतोही मुबलक. अप्पांनी दोन दिवस विचार केला आणि म्हणाले, शेवाळ धरतो, पाय घसरतो. उमेशनं पुण्याहून एक व्हिडिओ पाठवला. वाळू न घालता नुसत्या खडी-सिमेंटचं काँक्रीट होतं. त्यावर बादलीभर पाणी ओतलं तर ते क्षणात गायब झालं. इम्तियाजनं तसा तुकडा करून दाखवला. अप्पांनी त्यावर मूठभर लाल माती टाकली, तांब्यानं पाणी ओतलं, हातानं चोळलं. पुढचं पाणी वरच थांबलं.

"चार पावसात बुजणार," ते म्हणाले. हे मात्र मला पटलं. बाकीचं काही कळेना.

कारण शेवाळाचं म्हणाल, तर या माणसाचं सगळं आयुष्य शेवाळावरून चालण्यात गेलेलं. भर पावसात ओढ्यातल्या दगडांवरून उड्या मारत ते पलीकडच्या वाडीत जायचे. आता सत्तरीला टेकले, तरी अजून जायचे. त्यांना खडी सरकते याचा कधीपासून त्रास व्हायला लागला?

फोनवर मी उमेशला हे सांगितलं.

"हेमे, कुठंतरी पाणी मुरतंय," तो म्हणाला.

"तेच तर मुरत नाही ना."

"चेष्टा नको करू. त्यांचं काहीतरी दुखतंय आणि ते लपवतायत. गुडघा असेल, नाहीतर चक्कर येत असेल. डॉक्टरकडं ने."

मला ते खरं वाटलं. कारण दुसऱ्या दिवशी अप्पांनी आणखी एक विचित्र गोष्ट काढली. सोप्याला चढायला तीन पायऱ्या होत्या, दगडी, आजोबांच्या वेळच्या. त्या काढून तिथं उतार करायचा म्हणाले.

"कशाला?" मी विचारलं.

"गॅसचा सिलिंडर चढवायला."

"सिलिंडरवाला खांद्यावरून आणतो, अप्पा."

"त्याच्या खांद्याचा विचार कुणी करायचा?"

इम्तियाज मान खाली घालून मोजायची फीत गुंडाळत बसला. त्याच संध्याकाळी अप्पा मला म्हणाले, "कोल्हापूरला कुणाला सांगून रबरी टोप्या मिळतात का बघ. काठीच्या टोकाला बसवतात तसल्या. जरा जाडसर."

"काठी कुणाला लागते?"

"खुर्चीला बसवायच्या. फरशीवर करकरते."

आमच्या खुर्च्या प्लास्टिकच्या होत्या.

मग एका दुपारी मी ते बघितलं. जेवून जरा आडवी झाले होते. खिडकीतून आवाज आला म्हणून उठले, तर अंगणात अप्पा. दोन्ही काखांत दोन वेळूच्या काठ्या. इम्तियाजनं नमुन्यासाठी मांडलेल्या ब्लॉकवरून ते चालत होते. आधी दोन्ही काठ्या पुढं टेकायच्या, मग एक पाय ताठ ठेवून तो ओढत आणायचा, मग दुसरा. टोकापर्यंत गेले, कसेबसे वळले, परत आले. वळताना तोल गेला, तशी काठी टाकून त्यांनी गेटला धरलं. कपाळावर घाम होता. पुन्हा काठ्या घेतल्या.

मी मागं सरकले आणि पलंगावर बसून राहिले. मला वाटलं, या माणसाला कुणा डॉक्टरनं सांगून ठेवलंय की तुमचे पाय जाणार. आणि हा आम्हाला काही न सांगता त्याची तयारी करतोय.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना बळंच गडहिंग्लजच्या दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, हृदयाची पट्टी काढली, गुडघे वाकवून बघितले. डॉक्टर हसले आणि म्हणाले, "यांना काय झालंय? तुमचंच हिमोग्लोबिन बघू का जरा?"

परत येताना एसटीत अप्पा खिडकीतून बाहेर बघत बसले होते.

"मी बघितलं तुम्हाला," मी म्हणाले. "काल दुपारी. काठ्या घेऊन."

त्यांचे कान लाल झाले. अप्पांचे कान लाल झालेले मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.

"बघत होतो, जमतंय का," ते म्हणाले.

"काय जमतंय का?"

"चालायला."

"तुम्हाला चालता येतंय की, अप्पा!"

मी एवढ्या मोठ्यानं बोलले की पुढच्या बाकावरची बाई वळून बघायला लागली. अप्पांनी "हं" केलं आणि पुन्हा खिडकीकडं तोंड फिरवलं.

शेवटी एक नमुना त्यांना पसंत पडला. साधेच ब्लॉक, पण वरून खरखरीत आणि बिनभोकाचे. दोन ब्लॉकांमध्ये बोटभरही नाही एवढी फट ठेवायची, त्या फटीत सिमेंट न भरता बारीक कच भरायची, आणि खाली मुरूम ठोकून बसवण्याऐवजी खडीचे थर द्यायचे. पाणी फटींतून खाली जाणार. इम्तियाजनं गेटजवळ एक पट्टा करून दाखवला. अप्पांनी त्यावर पाणी ओतलं, माती टाकली, पुन्हा पाणी ओतलं, छत्री टेकवून टेकवून बघितली.

"मग घालू या का सगळीकडं?" इम्तियाजनं विचारलं.

"थांब. उद्या एकजण बघायला येणार आहेत. ते हो म्हणाले की घाल."

"कोण? इंजिनियर?" मी विचारलं.

"नाही," अप्पा म्हणाले, आणि दाढी करायला आत गेले. संध्याकाळची वेळ होती. अप्पा दाढी सकाळी करत.

रात्रीतून वळीव कोसळून गेला. सकाळी अंगणात चिखल झाला होता, पण तो पट्टा धुतल्यासारखा स्वच्छ होता, कुठं थेंबभर पाणी साचलेलं नव्हतं. दहाच्या सुमाराला गेटपाशी रिक्षा थांबली. आधी दोन कुबड्या बाहेर आल्या. मग लोखंडी पट्ट्या लावलेला एक जाड बूट. मग हिरव्या काठाच्या साडीतली एक बाई. साठीच्या आतबाहेरची. केस बरेचसे पांढरे, कपाळावर बारीक टिकली.

रिक्षावाला धरायला पुढं झाला. ती म्हणाली, "नको, बाजूला हो फक्त."

अप्पा सोप्यात उभे होते. जागचे हलले नाहीत. त्यांची मूठ घट्ट आवळलेली मला दिसत होती.

बाईनं कुबड्या ब्लॉकवर टेकल्या. एकदा दाबून बघितलं. मग पाऊल. दोन्ही कुबड्या पुढं, ताठ पाय ओढत, मग दुसरा. त्या दुपारी अप्पा जसे चालत होते, अगदी तशी. मी बघत राहिले. डोक्यात काहीतरी जुळत होतं आणि तेवढ्यातच पुन्हा सुटत होतं. ही कोण? अप्पा हिची नक्कल का करत होते?

पट्टा संपला तिथं ती थांबली. पुढं चिखल होता.

"डॉक्टर," ती तिथूनच म्हणाली, "हे चालेल."

अप्पांनी मूठ सोडली.

"हेमा, ही शालन नाईक. गडहिंग्लजला टेलिफोन ऑफिसात होती," ते म्हणाले आणि लगेच "मी आडाचं पाणी बघून येतो," म्हणत परसात निघून गेले.

मी सोप्यातली खुर्ची उचलून पट्ट्यावर नेऊन ठेवली. ती बसली. कुबड्या मांडीवर आडव्या घेतल्या. त्यांच्या टोकांच्या रबरी टोप्या झिजून एका बाजूला कातरल्या होत्या.

"तुला काही सांगितलं नाही ना त्यांनी?" तिनं विचारलं.

"नाही."

"मला म्हणाले होते, मुलीला सांगतो आणि मग तुला बोलावतो. सांगतो सांगतो म्हणून महिना काढला." ती जरा हसली, मग गंभीर झाली. "माझ्या भावाची म्हैस अडली होती, तेव्हा आले होते. म्हशीनं वेळ घेतला. गप्पा झाल्या. मग येत राहिले. म्हैस विकली तरी येत राहिले."

मी तिच्यासमोर पट्ट्यावरच उकिडवी बसले.

"गेल्या दिवाळीत त्यांनी मला लग्नाचं विचारलं. मी म्हटलं, ते राहू द्या. आधी तुमच्या अंगणाचं सांगा."

"अंगणाचं?"

"भावाच्या घरापुढं शहाबादी फरशी आहे. पाऊस लागला की तिच्यावर बुळबुळीत थर येतो. मग मृग लागल्यापासून दसऱ्यापर्यंत मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही. दवाखान्यात जायचं असलं की भाचे मला उचलून रिक्षात ठेवतात. परत आले की उचलून घरात ठेवतात. चांगली मुलं आहेत, कधी तोंड वाकडं करत नाहीत. पण ठेवतात." तिनं कुबडीवरून हात फिरवला. "नोकरी होती तेव्हाही पावसाळ्यात तसंच. ऑफिसच्या दारात उतरवून ठेवायचे. मी डॉक्टरांना म्हटलं, तुमच्या घरात मी येईन, पण कुणी उचलून आणलं तर नाही. भर पावसात, मला वाटेल तेव्हा, एकटीला गेटपर्यंत जाता आलं पाहिजे आणि परत येता आलं पाहिजे. तसं अंगण असलं तर विचारा. नसलं तर आपण आहोत असंच बरं आहे."

परसात पोहऱ्याचा आवाज झाला. अप्पा उगीचच पाणी काढत होते.

"तुला राग आला असेल," ती म्हणाली.

"मला कळत नाही काय आलंय ते," मी म्हणाले. आणि ते खरं होतं. अप्पांचे पाय धड आहेत म्हणून मला हायसं वाटलं होतं. आई रोज बसायची त्या पायऱ्या तोडायला निघाले म्हणून रडू येत होतं. वर मला काही न सांगता आधी इम्तियाजला कामाला लावलं, याचा अपमान वाटत होता. यातलं कुठलं खरं आणि कुठलं नुसतं वरवरचं, हे मला वेगळं करता येईना.

ती चहा घेऊन गेली. जाताना "येते" म्हणाली, मला "या" म्हणता आलं नाही. मी नुसती मान हलवली.

दुपारी मी उमेशला फोन केला. तो आधी हसला, मग ओरडायला लागला. लोक काय म्हणतील, या वयात कुणी कुणाचं करायचं, उद्या अप्पांनाच काही झालं तर या बाईला कोण बघणार. मी ऐकत होते. त्यातलं बरंचसं माझ्याही मनात येऊन गेलं होतं, म्हणून मला त्याला गप्प करता येईना. मागं वळून बघितलं तर अप्पा दारात उभे. किती वेळ उभे होते कोण जाणे. फोनमधला आवाज तिथपर्यंत सहज पोहोचत होता.

ते बाहेर गेले. मी पाठोपाठ गेले. इम्तियाजचा टेम्पो ब्लॉक घेऊन नुकताच आला होता.

"राहू दे रे," अप्पा त्याला म्हणाले. "सगळीकडं खडी टाकून दे. झालं."

"खडी? अप्पा, खडी सरकते म्हणून तुम्हीच..."

"सरकू दे. मला काय होतंय खडीनं?"

ते आंब्याखालच्या कट्ट्यावर जाऊन बसले. मी त्यांच्या शेजारी बसले.

"मला का नाही सांगितलंत, अप्पा?"

"काय सांगू? शब्दच सापडेना. मैत्रीण म्हणावं तर या वयात हसतील. लग्न म्हणावं तर ते तिनं अजून कबूल केलेलं नाही. नुसतंच सांगायचं, एक बाई आहे? ते तुझ्यासमोर तोंडातून निघेना." त्यांनी पायानं एक खडा बाजूला सारला. "म्हटलं आधी अंगण होऊ दे. अंगणाचं बोलायला सोपं होतं."

"काठ्या घेऊन का चालत होतात?"

"मला कसं कळणार तिला काय टोचतंय ते? माझे पाय धड. जनावरांचं कळतं मला, त्यांना हात लावून बघता येतं. हिला विचारलं की म्हणायची, चालतंय, चालतंय. म्हणून स्वतःच चालून बघितलं." मग हळू आवाजात म्हणाले, "फार अवघड असतं ग ते. खांदे भरून येतात."

इम्तियाज टेम्पोला टेकून वाट बघत होता. खडी का ब्लॉक, त्याला काहीतरी एक ऐकायचं होतं. मी उठून त्याच्याकडं गेले.

"ब्लॉक उतरव," मी म्हणाले. "गेटपासून दारापर्यंत घाल."

"अप्पा तर खडी म्हणाले."

"अप्पांचं मन सारखं बदलतंय. तू घाल. आणि त्या पायऱ्या काढ. उतार कर."

"सिलिंडरसाठी?"

"हो. सिलिंडरसाठी."

हे मी का बोलले, ते मला तेव्हा नीट माहीत नव्हतं. माझं मन काही साफ झालं नव्हतं. मला ती बाई आवडली होती का, तेही सांगता आलं नसतं. पायऱ्या निघाल्या त्या दिवशी मी मुद्दाम बाजारात गेले आणि अंधार पडेपर्यंत आले नाही.

जूनमध्ये त्यांनी नोंदणी करून लग्न केलं. उमेश आला नाही. तो यायला पुढं दोन वर्षं लागली. मी साक्षीदाराची सही करायला गेले, पण त्यांच्याबरोबर घरी गेले नाही. तिथूनच कोल्हापूरची गाडी पकडली. त्यानंतर फोनवर अप्पांशी बोलायचे. मागून तिचा आवाज यायचा, मी तिला फोन द्या म्हणायचे नाही.

ऑगस्टमध्ये आमच्या ऑफिसातल्या एकीच्या बाळाचं बारसं गडहिंग्लजला होतं. तिथवर आलेच होते म्हणून मी आजऱ्याच्या गाडीत बसले. कळवलं नव्हतं. स्टँडवरून घरी येईपर्यंत छत्री उलटी झाली, साडी पिंढरीपर्यंत भिजली. पाऊस असा की वाटेत समोरचं झाड दिसेना. गेटला आतून कडी होती. मोटरसायकल दिसत नव्हती, म्हणजे अप्पा कुणाच्यातरी गोठ्यात गेलेले. दार उघडं होतं, आत दिवा होता.

हाक मारायला हवी होती. पण काय म्हणून? शालनताई? मावशी? आई तर तोंडातून निघणं शक्य नव्हतं. मी गेट हलवलं, पावसात त्याचा आवाजही आला नाही. गेटचा गज धरून मी तशीच उभी राहिले. वाटलं, परत जावं. स्टँडवर जाऊन बसावं, अप्पा आले की यावं.

तेवढ्यात ती दारात आली. मी तिला दिसले असणार, कारण ती आत वळली आणि पावसासाठी डोक्यावरून पाठीवर एक घोंगतं टाकून बाहेर आली. उतारावरून खाली. दोन्ही कुबड्या पुढं, मग एक पाय, मग दुसरा. घाई नाही. पाणी तिच्या बुटांभोवती पडत होतं आणि ब्लॉकांच्या फटींत नाहीसं होत होतं. मी ओरडले, "अहो, नका येऊ, घसराल!" पाऊस एवढा होता की तिला काही ऐकू गेलं नाही.

गेटपाशी पोहोचून तिनं एका कुबडीवर भार घेतला आणि मोकळ्या हातानं कडी काढली.

"कळवायचं नाहीस का? केवढी भिजलीस," ती म्हणाली. मग हात पुढं केला. "आण ती पिशवी इकडं."

माझ्या पिशवीत कपडे होते, लाडवांचा डबा होता, जड होती. मी नको म्हणणार होते. पण आई गेल्यापासून या गेटवर माझ्या हातातली पिशवी घ्यायला कुणी आलं नव्हतं. मी पिशवी दिली. तिनं पिशवीचा बंद गळ्यात अडकवला, ती पाठीवर टाकली आणि वळून घराकडं चालायला लागली. मी तिच्या मागोमाग आत गेले.